वडील कशाने गेले, हे मुलाला सांगायचं का?

माझा मामा सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर आहे, आणि मी पुण्यात मनोविकारतज्ज्ञ. डिप्रेशन किंवा बायपोलर असलेल्या माणसाच्या आत्महत्येच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा किती, आणि असला तर तो घरच्यांना सांगावा का, यावर आमचा वाद जुना आहे. या वेळी त्याला निमित्त झालं एका आईचं. मुलगा लहान असताना तिचा नवरा आत्महत्येने गेला. मुलाला सांगितलं गेलं, हार्ट अटॅक. आता मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, शिकायला बाहेरगावी असतो. बरेच दिवस तो खोलीबाहेर पडत नाही, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याला डिप्रेशनच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. आईने मामाला विचारलं, आता खरं सांगू का? तिची परवानगी घेऊन, नाव-गाव न सांगता मामाने मला फोन केला. बोलणं फोनवर सुरू झालं आणि दिवाळीत त्याच्या घरी पुढे चाललं. ओळख पटेल असं काहीही इथे ठेवलेलं नाही.

मामा: मी तिला म्हटलं, सांगू नकोस. निदान आत्ता तरी नको. पोरगा आधीच खचलाय. त्यात तुझ्या बापाने आत्महत्या केली आणि ते रक्तातच असतं, हे त्याच्या डोक्यात कशाला घालायचं?

मी: रक्तातच असतं असं सांग, असं मी म्हणतच नाही. वडील कसे होते ते आधी सांग.

मामा: हुशार शेतकरी. पण एका उन्हाळ्यात त्याने झोप जवळजवळ सोडली होती. रात्री दोनला शेतात उभा. दोन विहिरींचं काम एकदम काढलं, भावकीत मागेल त्याला पैसे दिले, आमदारकीला उभा राहतो म्हणाला. पावसाळा सरता सरता अंथरूण धरलं ते धरलंच. आधी लोक करणी म्हणाले, मग कर्ज म्हणाले. कर्ज तर होतंच.

मी: आणि ते कर्ज कधी झालं?

मामा: त्या उन्हाळ्यात. तुला काय म्हणायचंय ते कळतंय मला. बायपोलर.

मी: शक्यता दाट आहे. आणि उपचार झाले नाहीत. पोलिसांच्या नोंदीत बहुतेकदा एकच कारण लिहिलं जातं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या आहेत. सगळ्यांत जास्त, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात. कारणांच्या तक्त्यात कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के. कौटुंबिक समस्या लिहिलेल्या घरात कुणाला मनाचा आजार होता का, हे त्या तक्त्यातून कसं कळणार?

मामा: आणि तुझ्या जनुकांच्या तक्त्यातून त्याचं कर्ज कसं कळणार?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडच्या आत्महत्येत कर्ज, दारू, सासरचा छळ, परीक्षा, सगळं इतकं गुंतलेलं असतं की एक धागा वेगळा काढणं अवघड जातं. म्हणूनच ज्या समाजात यांतलं फारसं काही नव्हतं, तिथला अभ्यास मला मोलाचा वाटतो. मी मामाला आमिश लोकांची गोष्ट सांगायला घेतली.

मी: अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकॅस्टर परगण्यात जुन्या वळणाचे आमिश लोक राहतात. शेती करतात, घोडागाडी वापरतात, घरात विजेच्या तारा घेत नाहीत. दारूचं प्रमाण कमी, बेकारी जवळजवळ नाही. कुणाचा गोठा जळाला तर सगळी वस्ती येऊन नवा उभा करून देते. आत्महत्या हे महापाप मानतात. आणि वंशावळी अशा काटेकोर ठेवतात की कोण कुणाचा पणतू हे बिनचूक सांगता येतं. जॅनिस एगलंड आणि जेम्स ससेक्स या संशोधकांनी तिथल्या १८८० ते १९८० या शंभर वर्षांतल्या आत्महत्या शोधून काढल्या. निघाल्या २६. त्यांतल्या २४ माणसांना डिप्रेशन किंवा बायपोलरसारखा मूड डिसऑर्डर होता. आणि २६ पैकी ७३ टक्के मृत्यू फक्त चार घराण्यांतले. या घराण्यांचा लोकसंख्येतला वाटा १६ टक्के. १९८५ साली हे छापून आलं.

मामा: ज्या घराण्यांत आजार जास्त, तिथे मृत्यू जास्त. यात नवल ते काय?

मी: नवल पुढे आहे. दुसरीही काही घराणी होती. त्यांच्यातही पिढ्यान्‌पिढ्या डिप्रेशन आणि बायपोलर दाट होतं. तिथे शंभर वर्षांत आत्महत्या एकही नाही. म्हणजे आजार ही एक गोष्ट झाली, आणि त्या आजारात जीव देण्यापर्यंत जाणं ही दुसरी. दोन्ही घराण्यात उतरतात, पण एकत्रच उतरतात असं नाही.

मामा: किंवा त्या चार घराण्यांत पोरांनी ते पाहिलं. आजोबांनी केलं, काकांनी केलं, तेव्हा संकटातून सुटायची ही एक वाट घरात माहीत झाली. दुसऱ्या घराण्यांत ती कुणाला माहीतच नव्हती. याला जनुक कशाला लागतंय? आणि एगलंडबाईंचं पुढचंही सांग ना. १९८७ साली त्याच आमिश घराण्यांत बायपोलरचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर सापडलं म्हणून ‘नेचर’मध्ये आलं होतं. मी तेव्हा नुकताच दवाखाना टाकला होता, मोठ्या उत्साहाने वाचलं होतं. दोन वर्षांत काय झालं? घराण्यातली आणखी माणसं तपासली, निरोगी धरलेल्या दोघांना मध्येच आजार झाला, आणि तो सगळा पुरावा ढासळला.

मी: ढासळला, आणि त्याच संशोधकांनी ते १९८९ साली जाहीर केलं. पुढेही असंच झालं. २००३ साली मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाची ने-आण करणाऱ्या प्रथिनाचं जनुक गाजलं. त्याची आखूड प्रत असलेल्या माणसावर आघात झाले तर डिप्रेशन आणि आत्महत्येचे विचार जास्त, असं म्हणत होते. त्यावर निबंधांचा पूर आला. २०१९ साली लाखो लोकांच्या माहितीवर डिप्रेशनची अठरा नावाजलेली जनुकं तपासली, तेव्हा कुठलीही ऐरीगैरी जनुकं उचलावीत त्यापेक्षा ती सरस ठरली नाहीत. एकच दोषी जनुक धरायचं हा रस्ताच चुकीचा होता. पण म्हणून घराण्यात काही उतरतच नाही, असं नाही. तुझा पाहण्याचा मुद्दा डेन्मार्कमध्ये तपासला गेलाय.

मामा: दत्तक मुलांचा अभ्यास.

मी: तोच. कोपनहेगन परिसरात १९२४ ते १९४७ या काळात दत्तक गेलेल्या मुलांच्या सरकारी नोंदी होत्या. त्यांतली ५७ मुलं मोठेपणी आत्महत्येने गेली. शुल्सिंगर आणि केटी यांच्या गटाने त्यांचे रक्ताचे नातेवाईक शोधले, २६९. त्यांत १२ आत्महत्या. तुलनेला घेतलेल्या तितक्याच दत्तक मुलांच्या २६९ रक्ताच्या नातेवाइकांत २. आणि ज्यांनी या मुलांना वाढवलं त्या घरांत एकही नाही. यांतल्या बहुतेकांनी आपल्या जन्मदात्या घरात काही पाहिलेलं नव्हतं, मामा.

मामा: बारा हा आकडा केवढासा आहे! आणि मूल दत्तक जातं ते कुठल्या परिस्थितीत? आई एकटी, पैसा नाही, नऊ महिने ताणात गेलेले. पोटातलं मूल तेही घेऊनच जन्माला येतं.

मी: बरोबर, तेवढा वाटा वजा करावा लागेल. मग जुळी घे. १९९१ साली ॲलेक रॉय यांनी आत्महत्या झालेल्या जुळ्यांच्या जोड्या एकत्र मांडल्या. हुबेहूब सारखी जुळी, म्हणजे जनुकं तीच, अशा ६२ जोड्यांपैकी ७ जोड्यांत दोघंही तसेच गेले. भिन्न जुळ्यांच्या ११४ जोड्यांत फक्त २.

मामा: थांब. बासष्ट वजा सात किती?

मी: पंचावन्न.

मामा: पंचावन्न जणांची जनुकं मेलेल्या भावाशी किंवा बहिणीशी तंतोतंत जुळत होती, एका पोटी जन्म, एका घरात वाढ, आणि वर जुळं गेल्याचं दुःख. तरी अभ्यास झाला तोवर ते त्या वाटेने गेले नव्हते. तुम्ही लोक त्या सातांवर निबंध लिहिता. मला या पंचावन्नांविषयी कुणीतरी सांगा.

इथे मी गप्प बसले, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला हाच सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. सातांनी हे सिद्ध होतं की वारसा आहे. पंचावन्नांनी हे सिद्ध होतं की वारसा म्हणजे निकाल नव्हे. डॉक्टरांच्या परिषदांत पहिल्या वाक्याला जितका वेळ मिळतो तितका दुसऱ्याला मिळत नाही, आणि घराघरांत तर दोन्ही वाक्यं पोचत नाहीत. तिथे पोचतं ते एवढंच, की त्या घराला ते लागलेलं आहे.

मी: त्या पंचावन्नांचं मी सांगते, पण आधी नेमकं उतरतं काय ते बघू. जीव देण्याचा बेत काही जनुकात लिहिलेला नसतो. डेव्हिड ब्रेंट आणि जॉन मान या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी मूड डिसऑर्डर असलेल्या ३३४ आई-वडिलांची ७०१ मुलं वर्षानुवर्षं पाहिली. आईने किंवा वडिलांनी कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असेल, तर मुलाने तसा प्रयत्न करण्याची शक्यता जवळपास पाचपट होती. मुलाला स्वतःला डिप्रेशन आहे का, हे हिशेबात धरल्यावरही पालकांच्या प्रयत्नाचा परिणाम उरत होता. आणि अशा घरांत आणखी एक गोष्ट पिढीतून पिढीत जाताना दिसली. भडका. मनाला लागलं की त्याच क्षणी काहीतरी करून टाकणं. वेदना आणि कृती यांच्यामध्ये माणसाला जो थोडा अवकाश मिळतो, तो काहींना जन्मतःच कमी मिळतो.

मामा: हे मला पटतं. अशी माणसं मी बघितलीत. दुःख सगळ्यांना होतं, पण काही जण दुःख झालं की उठतातच.

मी: स्टॉकहोममध्ये मारी ओसबेरी यांनी १९७६ साली डिप्रेशनच्या रुग्णांच्या पाठीतलं पाणी तपासलं होतं. ज्यांच्यात सेरोटोनिनचा अवशेष कमी, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न जास्त, आणि ते जास्त आक्रमक. सेरोटोनिन पुढे नुसतं उदासीचं रसायन म्हणून गाजलं, पण त्याचा संबंध मनाला आवर घालण्याशीही असावा, हा धागा तिथून आला.

मामा: आणि तो आवर कुठे शिकतात पोरं? घरातच ना? बाप रोज पिऊन मारतोय, तर पोराला कुठला अवकाश?

मी: त्याचाही पुरावा आहे, आणि तो तुझ्या बाजूचा आहे. कॅनडात माँट्रियलला २००९ साली मायकेल मीनी आणि गुस्ताव्हो तुरेकी यांच्या गटाने आत्महत्येने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले. ज्यांचा लहानपणी छळ झाला होता असे बारा, छळ न झालेले बारा, आणि दुसऱ्या कारणाने गेलेले बारा. छळ झालेल्यांच्या मेंदूत, ताणाचं संप्रेरक आटोक्यात ठेवणाऱ्या एका जनुकावर रासायनिक खुणा जास्त होत्या, आणि त्या जनुकाचं काम मंदावलं होतं. जनुकाची अक्षरं तीच, पण त्याला गप्प बसवलेलं. छत्तीस मेंदूंचाच अभ्यास आहे, त्यावर इमले बांधायचे नाहीत. पण मारलेलं अंगावर दिसेनासं झालं तरी आत कुठे राहत असेल, याची दिशा त्यातून मिळते.

मामा: मग तूच सांगतेस की घर बदला. जनुकांच्या मागे लागू नका. श्रीलंकेचं उदाहरण घे. तिथे अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत आत्महत्यांचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरला. लोक तेच. त्यांची जनुकं तीच. डिप्रेशन काही बेटावरून नाहीसं झालं नव्हतं. भडका उडाला तेव्हा हाताशी तेवढं जहाल काही नव्हतं, क्षण टळला, माणूस वाचला. हे सरकारी आदेशांनी झालं. प्रयोगशाळांतल्या कोट्यवधी रुपयांनी असे किती जीव वाचले, सांग.

मी: जनुक शोधून वाचलेला जीव मला दाखवता येणार नाही. आणि तुझ्या या मुद्द्यावर माझा काडीचाही विरोध नाही. ज्या घरात कुणी डिप्रेशनमध्ये आहे, त्या घरातून फवारणीची औषधं आणि साठवलेल्या गोळ्या हलवा, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. पण ते घर कोणतं हे कळायला हवं ना? कुणाच्या बाबतीत जास्त सावध राहायचं, हे मला घराण्याच्या इतिहासावरून कळतं.

मामा: लाळेची चाचणी करून सांगता येतं म्हणे आता.

मी: येत नाही. कुणी तसं विकत असेल तर पैसे देऊ नका. २०२३ साली, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या ४३,८७१ लोकांची जनुकीय माहिती इतर लाखो लोकांशी ताडून पाहिली, तेव्हा १२ ठिकाणं सापडली. प्रत्येकाचा परिणाम कणभर. जुळ्यांच्या अभ्यासांतून आत्महत्येच्या वर्तनातला आनुवंशिक वाटा ढोबळमानाने ३० ते ५५ टक्के निघतो; अशा जनुकीय छाननीतून हाती लागतो तो पाच-सात टक्के. त्यातही पाहिलेले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. त्यावरून तुझ्या तालुक्यातल्या एका पोराबद्दल काहीही सांगणं अप्रामाणिकपणा ठरेल. आज माझ्याकडची सगळ्यात चांगली आनुवंशिक चाचणी म्हणजे एक प्रश्न. घरात कुणाला असा आजार होता का, आणि कुणी आत्महत्येने गेलं आहे का?

मामा: आणि त्या प्रश्नाचं उत्तर गावात फुटलं की काय होतं, हे तुला पुण्यात बसून कळत नाही. त्या बाईला एक मुलगीही आहे. पुढच्या दोन वर्षांत तिचं लग्न करायचंय. स्थळ बघायला आले की पहिली चौकशी भावकीत होते. बाप हार्ट अटॅकने गेला, तर हळहळ. बाप तसा गेला, आणि आता भाऊही गोळ्या खातोय, तर सोयरीक मोडलीच. मी लोकांना आनुवंशिक हा शब्द वापरताना ऐकलाय. शास्त्र म्हणून कुणीही वापरत नाही. पोरगी नाकारताना वापरतात.

मामाचा हा मुद्दा मी बाजूला सारू शकत नाही. त्याच्या गावात ज्या माहितीने मुलाचा जीव वाचेल, त्याच माहितीने बहिणीचं लग्न मोडेल, आणि या दोन्ही मुलांची आई एकच आहे. तिने खोटं सांगितलं ते अज्ञानाने नाही. तिने पूर्ण हिशेब केला होता. आमच्यासारखे तज्ज्ञ ‘मोकळेपणाने बोला’ असा सल्ला देतात, तेव्हा बोलण्याची किंमत कोण मोजणार हे आम्ही क्वचितच विचारतो.

मी: गावाला सांगा असं मी म्हणतच नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. आणि माझी घाई का आहे ते ऐक. त्या पोराला कुठल्या गोळ्या सुरू आहेत म्हणालास?

मामा: डिप्रेशनच्या. नेहमीच्याच. चांगल्या आहेत.

मी: डिप्रेशन असेल तर चांगल्या. वडिलांना बायपोलर असेल आणि मुलाचाही तोच आजार असा उदासीने सुरू होत असेल, तर नुसत्या त्या गोळ्यांनी काही जणांचं मन उलट्या टोकाला जातं. झोप उडते, अंगात बेचैनी भरते, विचार धावतात. उदासी अजून गेलेली नाही आणि अंगात मात्र जोर आलाय, ही अवस्था सर्वांत धोक्याची. त्या डॉक्टरांनी जे दिलंय ते त्यांना मिळालेल्या माहितीवर दिलंय. वडिलांचा तो उन्हाळा त्यांना कुणी सांगितलेला नाही. विसाव्या वर्षाच्या आत आलेलं डिप्रेशन आणि घरात बायपोलर, एवढं ऐकलं असतं तरी ते थबकले असते. तू पेशंटच्या घरची शुगर विचारल्याशिवाय पुढे जातोस का?

मामा: नाही जात.

मी: आणि आई-वडिलांपैकी एकाला बायपोलर असला तरी मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक. म्हणजे दहातल्या नऊ मुलांना होत नाही. मी काही त्याच्यावर शिक्का मारत नाही. पण तो त्या एकात असला, तर औषध बदलतं. लिथियमचा विचार होतो.

मामा: लिथियम! थायरॉइड बघा, किडनी बघा, दर थोड्या महिन्यांनी रक्त काढा. आणि तुमचं ते लिथियम आत्महत्या टाळतं म्हणणाऱ्यांना अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांवरच्या चाचणीने उत्तर दिलंय. २०२२ ला आलं ते. ५१९ माणसं. मध्येच थांबवली, फरकच दिसेना म्हणून.

मी: मामा, तू हे वाचतोस याचा मला अभिमान आहे. पण त्या चाचणीत रक्तातली पातळी बहुतेकांची हवी तितकी गेलीच नाही, आणि पुष्कळांना जोडीला इतर आजार होते. दुसऱ्या बाजूला २०१३ चा आढावा आहे, ४८ चाचण्या, ६,६७४ माणसं. लिथियमवर असलेल्यांत आत्महत्या नुसत्या साखरगोळीवर असलेल्यांपेक्षा कमी होत्या. १९४९ साली जॉन केड यांनी ऑस्ट्रेलियात त्याचा उपयोग जाहीर केला, तेव्हापासून इतका विश्वास बायपोलरमध्ये दुसऱ्या कुठल्या औषधावर बसलेला नाही. वाद संपलेला नाही, हे मी मान्य करते. पण यात घराण्याचा आणखी एक उपयोग आहे. ज्यांना लिथियम उत्तम लागू पडतं, त्यांच्या बायपोलर असलेल्या नातेवाइकांनाही ते लागू पडण्याचं प्रमाण जास्त आढळलंय. म्हणजे आजार उतरतो तसं औषधाला दाद देणंही काही घराण्यांत उतरतं. ज्या घराने आजार लपवला, त्याने ही बातमीही लपवली.

मामा काही वेळ बोलला नाही. मग त्याने विचारलं ते औषधाबद्दल नव्हतं.

मामा: डॉक्टरला सांगायचं, हे कबूल. पण पोराला? त्याला कळलं की तो काय करेल? इतकी वर्षं तो वडिलांच्या फोटोला हार घालतोय. हार्ट अटॅक म्हणून घालतोय.

मी: त्याला कळणार आहे. भावकीतल्या कुणाच्या तरी तोंडून, भांडणात किंवा लग्नाच्या मांडवात. तेव्हा त्याला दोन गोष्टी एकदम कळतील: वडील कसे गेले, आणि आई खोटं बोलली. त्यापेक्षा आईने सांगावं. आणि सांगताना वडिलांना आजार होता, त्या काळी आम्हाला तो ओळखता आला नाही, तुझा ओळखता येईल आणि त्यावर औषध आहे, हे एका दमात सांगावं. नुसतं मरण सांगितलं तर तो शाप होतो. आजार आणि उपचार जोडून सांगितलं तर ती माहिती होते.

मामा: एका दमात! तुला वाटतं त्या बाईच्या तोंडून ते एका दमात निघेल? तिचं स्वतःचं काय झालंय ते कुणी पाहिलंय का? दहा वर्षं ती नीट झोपलेली नाही. जनुकं, लिथियम, सगळं पोरासाठी. तिला कोण बघणार?

मी: तिला आधी बघ. खरंच. अमेरिकेत मायर्ना वाइसमन यांनी २००६ साली डिप्रेशन असलेल्या १५१ आया आणि त्यांची मुलं पाहिली. ज्या आया उपचाराने बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांमधले आजार तीन महिन्यांत घटले. ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांमधले वाढले. मुलांना त्या अभ्यासात औषध दिलेलंच नव्हतं. तू त्या पंचावन्नांबद्दल विचारलंस ना, ते कशाने तगले असतील? सगळं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या उत्तराचा एक भाग हा असणार: कुणाचं तरी मोठं माणूस वेळेवर बरं झालं.

मामा: मग तुझं शास्त्रही शेवटी आईपाशीच येतं.

मी: माझं शास्त्र आईपाशी येतं आणि तुझी काळजी डॉक्टरपाशी. दोन्ही ठिकाणी जायला हवं.

पुढे काय झालं ते सांगते. मामाने त्या आईला दवाखान्यात बोलावलं, आधी तिच्या झोपेबद्दल विचारलं, आणि बऱ्याच बोलण्यानंतर तिने मुलाच्या डॉक्टरांना सगळं कळवायला संमती दिली. मामाने त्यांना फोन करून तो उन्हाळा सांगितला. औषध बदललं. तिचेही उपचार सुरू आहेत. मुलाला अजून सांगितलेलं नाही. मामा म्हणतो, तो सावरू दे, मग सांगू. मला वाटतं, सावरण्यातच ते सांगणं आहे. पुढे ढकललं तर आई पुन्हा हार्ट अटॅकच्या आड जाईल. मुलीच्या लग्नाच्या प्रश्नाला आमच्या दोघांकडेही उत्तर नाही, आणि ते डॉक्टरांकडून येणारही नाही. ते, मुलगी नाकारताना घराणं काढणाऱ्यांनी द्यायचं आहे.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात कुणी आत्महत्येने गेलं असेल, किंवा कुणाला असा आजार होता असं आज मागे वळून वाटत असेल, आणि आता घरातलं दुसरं कुणी उदास असेल, झोप उडाली असेल, मरणाचं बोलत असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सगळं सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. शहरातल्या डॉक्टरांना सांगणं जड जात असेल तर ज्यांच्यावर विश्वास आहे त्या गावच्या डॉक्टरांना सांगा, ते पुढे पोचवतील. त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि जे लगेच हाताशी येईल असं जहाल काही घरात ठेवू नका. कुणाशीच बोलता येत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.